डबल बेल

दर रविवारी सकाळी आठला चिपळूणच्या चार्जिंग स्टेशनमागच्या टपरीवर आमची सभा भरायची. सभासद अकरा, गाड्या अकरा, सगळ्या एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या. शलाका. ग्रुपचं नाव दातांच्या डॉक्टर बेहेऱ्यांनी ठेवलं होतं, 'वाट बघणारे'. नावात काही चूक नव्हती. गाडी विकताना विक्रेत्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "पुढच्या दिवाळीपर्यंत एक अपडेट येईल आणि ही स्वतःची स्वतः चालेल. तुम्ही नुसतं बसायचं." त्याला सहा दिवाळ्या झाल्या.

अपडेट आलीच नाहीत असं मी म्हणणार नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, खोटं बोलवत नाही. एका दिवाळीला गाडीच्या पडद्यावर पणत्या लुकलुकायला लागल्या. पुढच्या वर्षी हॉर्नमध्ये सनई आली. मासळीचे व्यापारी रज्जाक परकार गल्लीत वळले की बायका नवरानवरी बघायला दारात यायच्या. एका वर्षी सीट गरम करायची सोय आली. चिपळुणात, मे महिन्यात.

"येणार, यंदा नक्की येणार," बेहेरे दर रविवारी फोनवरची कसलीतरी बातमी दाखवत म्हणायचे.

"डॉक्टर, दाढी पांढरी झाली माझी," परकार म्हणायचे. "अपडेट राहू दे, आता मेंदी पाठवा म्हणावं."

सगळे हसायचे. आमचे चाळके तेवढे हसायचे नाहीत.

चाळके म्हणजे माझा नवरा, प्रभाकर चाळके. अख्खा डेपो त्यांना आडनावाने हाक मारायचा, त्यामुळे चारचौघांत सांगताना मीही चाळकेच म्हणते. तोंडावर मात्र 'अहो'. एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, त्यातली बावीस चिपळूण-कराड गाडीवर. कुंभार्ली घाटातली वळणं त्यांना आमच्या मुलीच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहवेनात म्हणून ही गाडी घेतली. ती स्वतः चालणार या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि त्याची त्यांना गरजही नव्हती.

मग काचबिंदू झाला. त्यात नजर कडेकडेने जाते. समोरचं स्वच्छ दिसतं, पण पुंगळीतून बघितल्यासारखं. बाजूने येणारी सायकल एकदम समोरच उगवते. औषधांनी तीन वर्षं कशीबशी निघाली. पाच महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. चाळके तिथून तडक आरटीओत गेले आणि लायसन परत करून आले.

"एकतीस वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडी आली नाय," ते मला म्हणाले. "आता माणूस यायला नको."

त्या दिवशी त्यांनी दोन वेळा जेवायला नको म्हटलं. त्यांना मी इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला काय करावं ते सुचेना.

तरीही नुसत्या स्वतःसाठी असतं तर ते घरात बसले असते. अडलं होतं ते शेलारांपायी.

मारुती शेलार हे चाळक्यांचे कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून चाळके त्यांना मास्तरच म्हणायचे. ड्यूटी लावणाऱ्याच्या हातापाया पडून दोघांनी बावीस वर्षं जोडी मोडू दिली नाही. शेलार घाटावरच्या हेळवाकचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, पण डाव्या हाताची मूठ वळली ती उघडेना. व्यायाम करून घेणाऱ्या बाई चिपळुणात. मग चाळके दर गुरुवारी घाट चढून जायचे, शेलारांना उचलून गाडीत बसवायचे, खाली आणायचे आणि संध्याकाळी परत पोचवायचे. दीड वर्षात बोटं उघडायला लागली होती.

लायसन गेलं आणि तेही थांबलं. शेलारांना बसमध्ये चढवता येत नाही. भाड्याची गाडी दोनदा आली, तिसऱ्यांदा ड्रायव्हरने फोन उचलला नाही. ही गाडी घ्यायच्या आधी मी एकदा गाडी शिकून पाहिली होती. चाळक्यांनीच शिकवली, त्यानंतर आम्ही चार दिवस एकमेकांशी बोललो नाही. घाटात मी गाडी घालणार नाही, यावर माझं आणि त्यांचं एकमत आहे. व्यायामाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी महिन्याभरात सुरुवात केली नाही तर तो हात तसाच राहील.

म्हणून जे अपडेट नको होतं त्याची चाळके आता सगळ्यांत जास्त वाट बघायला लागले.

आता बेलचं सांगते. एसटीत ड्रायव्हर आपल्या मनाने गाडी काढत नाही. मागे माणसं चढली-उतरली की कंडक्टर दोरी ओढून डबल बेल देतो, टिंग टिंग, मग गाडी निघते. एक बेल म्हणजे थांबा. ही गाडी घरी आली त्या दिवशी चाळके स्टिअरिंगवर हात ठेवून बसले ते बसलेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय," म्हणाले, आणि कान लाल झाले. "बेल."

मला हसू आवरेना. बोटातल्या अंगठीने मी डाव्या काचेवर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली. तेव्हापासून सहा वर्षं ती चाल पडून गेली. भाजीला जायचं असो नाहीतर मुलीकडे पुण्याला, माझी टकटक झाल्याशिवाय चाळके ब्रेकवरचा पाय काढत नसत.

शेलार बसायला लागल्यावर बेलचा मान अर्थातच त्यांचा; चाळके एकटे निघत तेव्हा इथे मी आणि तिथे शेलारवहिनी बाहेरून टकटक करायचो. तिकीट मशीन यायच्या आधीचा त्यांचा लोखंडी पंच, तिकिटाला भोक पाडायचा, त्यांनी निवृत्तीच्या दिवशी चाळक्यांना दिला होता. तो आमच्या गाडीच्या कप्प्यात असायचा. शेलार तो डाव्या मुठीत धरून काचेवर मारायचे. पहिला ठोका जमायचा, दुसऱ्यासाठी हात उचलताना घाम फुटायचा. कधीकधी पाऊण मिनिट जायचं. चाळके समोर रस्त्याकडे बघत गप्प बसून राहायचे. त्यांनी एकदाही घाई केली नाही, मदतीला हात पुढे केला नाही. घरी आल्यावर मला सांगायचे, "आज दोन बेलांत फक्त दहा सेकंद गेली गो." दुसऱ्या कशाने त्यांनी शेलारांची प्रगती मोजलीच नाही.

*

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी अपडेट आलं. खरंच आलं.

ते कसं चालतं हे कंपनीने एका लांबलचक पत्रात कळवलं होतं, आणि आमच्या ग्रुपला ते मी समजावून सांगितलं. सहा वर्षं या गाड्या नुसत्या पळत नव्हत्या, शिकत होत्या. तुम्ही गाडी चालवताना तिचा संगणक मनातल्या मनात तीच गाडी चालवत असतो. इथे मी ब्रेक दाबला असता, असं तो ठरवतो. तुम्ही दाबलात तर बरोबर, नाही दाबलात तर तो आपली समजूत दुरुस्त करतो. कुणी त्यात नियम लिहून घालत नाही. तुमच्या कृतीच्या आधी दर वेळी काय घडतं ते तो टिपत जातो, आणि जे पुन्हापुन्हा घडतं ते धरून ठेवतो. आमच्या मांजरीला फ्रिजच्या दाराचा आवाज म्हणजे दूध वाटतं, तसंच. दार उघडल्यामुळे दूध तयार होत नाही, हे तिला कोण सांगणार?

थोडक्यात, प्रत्येक गाडी आपल्या मालकासारखी चालणार होती. त्यात सरकारी नियम असा की घाटरस्त्यावर विनाड्रायव्हर जायला परवानगी फक्त त्याच घाटात शिकलेल्या गाडीला. आणि कंपनीची अट अशी की आठ दिवसांच्या आत गाडीने पहिली फेरी आपली आपण पूर्ण केली पाहिजे. नाही केली तर तिचं शिकलेलं सदोष समजून पुसायचं आणि सगळ्यांना सारखं असलेलं शिक्षण भरायचं. तसल्या गाडीला शहर आणि चौपदरी रस्ता मोकळा, घाट बंद.

त्या दिवशी चिपळुणात जी करमणूक झाली तिला तोड नाही. वाट बघणाऱ्यांच्या गाड्या एकेक करून निघाल्या आणि मालकांचं पितळ उघडं पडलं. बेहेरे रविवारी सगळ्यांना वाहतुकीची शिस्त शिकवायचे, त्यांच्या गाडीने पहिल्याच चौकात तीन वेळा हॉर्न मारून रिक्षावाल्याला बाजूला काढलं. परकारांना साखरेचा त्रास, घरात गोड बंद. त्यांची गाडी बायकोला घेऊन बाजारात निघाली आणि मिठाईच्या दुकानासमोर आपसूक उभी राहिली.

"भाभी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय म्हणणार! गाडीला म्हणाली, तू तरी खरं बोललीस."

आमच्याकडे चाळके इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मी डबा भरला. शेलारवहिनींना फोन करून झाला की आज येतो. आजवर मी ज्या सीटवर बसायचे तिथे, पुढे डावीकडे, चाळके बसले. मी मागे. स्टिअरिंगसमोर कुणीच नाही.  सवयीने माझा हात काचेकडे गेला तर चाळक्यांनी मागे वळून मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. "बेल ड्रायव्हरला देतात. इथे ड्रायव्हर कुठाय?"

मी हात खाली घेतला. त्यांनी पडद्यावर हेळवाक लिहिलं आणि 'निघा' असं लिहिलेल्या हिरव्या खुणेला बोट लावलं. पडद्यावर अक्षरं आली, 'तयार आहे'. गाडी हलली नाही. पुन्हा बोट लावलं. तयार आहे. अर्धा तास आम्ही तसेच बसलो. डब्यातल्या घावण्यांचा वास गाडीभर पसरला. शेवटी चाळके उतरले, हाताने चाचपत पायऱ्या चढले आणि आत गेले.

"शेलारवहिनींना सांग, आज नाय जमत," ते आतून म्हणाले.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. रविवारच्या सभेला दहा गाड्या स्वतः चालत आल्या, आम्ही रिक्षाने गेलो. कुणीही काही विचारलं नाही, परकारांनी नुसता चहा पुढे केला. त्या चांगुलपणानेच चाळके जास्त खचले.

"मीच नीट शिकवलं नसणार तिला," घरी येताना ते म्हणाले. "सगळ्यांच्या गाड्या चालल्या. एकतीस वर्षं गाडी चालवणाऱ्याची चालेना."

मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी रिक्षातच त्यांचा हात धरला. आम्ही काही रस्त्यात हात धरणारी माणसं नव्हे.

*

मंगळवारपर्यंत मी कंपनीला सतरा फोन केले. सतराव्याला ओवी नावाची मुलगी लागली, पुण्याच्या ऑफिसातली इंजिनिअर. तिने आमच्या गाडीची सगळी नोंद समोर उघडली आणि बुधवारी दुपारी स्वतःहून फोन केला.

"काकू, तुमच्या गाडीत काही बिघाड नाहीये," ती म्हणाली. "कॅमेरे, बॅटरी, सगळं छान आहे. ती कशाची तरी वाट बघतेय."

"कशाची?"

"तेच कळत नाहीये. मला सांगा, तुमची डावीकडची काच सैल आहे का?"

"काच?"

"म्हणजे बघा ना, सहा वर्षांत ही गाडी चार हजार दोनशे अकरा वेळा निघालीय. प्रत्येक वेळी, प्रत्येक म्हणजे प्रत्येक वेळी, निघायच्या आधी डाव्या काचेवर दोन ठोके आहेत. गाडीची अशी समजूत झालीय की ते ठोके झाल्याशिवाय निघणं सुरक्षित नाही. आणि चालू गाडीत एक ठोका झाला तर ती बाजूला घेऊन थांबते. मी असं कधी पाहिलं नाही. एका गावाहून निघताना तर दोन ठोक्यांत कधी चाळीस-चाळीस सेकंद गेलीयत. तरी गाडी जागची हललेली नाही. काकू? ऐकताय ना?"

मी ऐकत होते, पण डोळ्यांना धार लागली होती. तीस वर्षं मुलांना सांगत आले की निरीक्षण करा, निरीक्षण करा. आणि मला हे दिसलं नाही.

"तुम्हाला तेवढी एक सवय काढून टाकता येईल का गं?" मी विचारलं.

"नाही ना. हे सगळं एकमेकांत विणलेलं असतं. स्वेटरमधला एक टाका ओढला की काय होतं, माहितीय ना? पुसायचं तर सगळंच पुसावं लागेल. आणि उद्या संध्याकाळी मुदत संपते."

फोन ठेवल्यावर मी गाडीत जाऊन बसले. अंगठी काचेजवळ नेली. दोनदा टकटक केलं असतं की काम झालं असतं. पण सहा वर्षं ती बेल मी चाळक्यांना दिली होती. त्यांच्या पाठीमागे ती मला दुसऱ्या कुणाला देववेना. मी उतरले आणि आत जाऊन त्यांना सगळं सांगितलं.



"म्हणजे तिला बेल पायजे," ते म्हणाले.

"हो."

"आणि ती दिली, म्हणजे ड्रायव्हर ती."

"हो."

"आणि मी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तुम्ही आता ड्रायव्हर नाही," मी म्हटलं.  "डोळे गेले त्या दिवसापासून नाही. त्यात तुमचा काही दोष नाही, पण नाही."

ते उठले आणि ओटीवर जाऊन बसले. चहा नेऊन ठेवला तो तसाच निवला.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी शेलारांचा फोन आला. दोघांचा रोजचा शिरस्ता होता. चाळक्यांना फोनवरची खूण पटकन सापडेना म्हणून मीच आवाज मोठा करून त्यांच्यासमोर ठेवला.

"काय चाळकं, गाडी रुसली म्हनं तुमची!" शेलारांचा आवाज घाटावरून आला.

"रुसली नाय मास्तर. बेल मागते."

चाळक्यांनी सगळी हकीकत सांगितली. पलीकडे शेलार इतके हसले की त्यांना ठसका लागला. मागून वहिनींचा आवाज आला, "हळू की वो!"

"आता मला सांगा," ठसका थांबल्यावर शेलार म्हणाले, "म्हंजी तुमच्या मनात काय हाय? बेल द्यायची न्हाय?"

"मी बेल घेणारा माणूस, मास्तर. देणारा नाय."

"अस्सं. आन् मी कोन हुतो मग?"

चाळक्यांनी फोन जवळ ओढला.

"बावीस वरसं तुमी गाडी चालवली. म्या कवा स्टेरिंगला हात लावला न्हाय. गाडी चालवतो म्हनून कुटं सांगितलं न्हाय. पर माज्या बेलबिगर एक डाव तरी तुमची गाडी हालली का? सांगा की! लोकं मला मास्तर म्हनत हुती. त्यात कमीपना हुता व्हय काय?"

"नाय हो मास्तर, तसं नाय..."

"मग कसं?" शेलारांचा आवाज एकदम उतरला. "चाळकं, माजी बोटं परत मिटली. नखं तळहाताला रुततात. ही रोज कापते, तरी रुततात. तुमी या उद्या. कुनी का चालवंना गाडी, तुमी या."

फोन बंद झाला.  चाळक्यांनी निवलेला चहा उचलला आणि पिऊन टाकला.

*

गुरुवारी सकाळी मी उठले तर ते अंघोळ करून तयार. गाडीच्या कप्प्यातला पंच काढून टेबलावर ठेवलेला, त्याला खोबरेल तेल लावून पुसलेलं.

"डबा भर," म्हणाले.

ते पुढे डावीकडे बसले, मी मागे. त्यांनी हेळवाक लिहिलं, हिरव्या खुणेला बोट लावलं. तयार आहे. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मागचं दार लागलंय का ते बघितलं, अगदी मास्तर बघतात तसं. शर्टाची कॉलर नीट केली. आणि पंचाने काचेवर दोन ठोके दिले.

गाडी निघाली.

मी देवाचं नाव घेतलं की रडले, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही केलं.  शिरगाव गेलं, पोफळी आली. मी त्यांना खिडकीतून शाळेतली जुनी मैत्रीण दाखवायला हात उचलला आणि अंगठी काचेला लागली, टक. गाडीने शहाण्यासारखा डावा दिवा लावला, कडेला घेतली आणि थांबली.

"कोण उतरतंय?" चाळके म्हणाले, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा खळखळून हसले. पुन्हा डबल बेल दिली.

घाट लागला तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं भीती वाटतेय. मग पाहिलं तर त्यांचा उजवा पाय हळूच दाबला जात होता आणि त्याच क्षणी गाडी हळू होत होती. आंधळ्या वळणाआधी एक छोटा हॉर्न, वळणात एक. जिथे माकडं बसतात तिथे वेग कमी. चढावर मागून घाईचा ट्रक आला तर त्याला वाट. देवीच्या देवळापाशी सगळे एसटीवाले क्षणभर गाडी हळू करतात आणि कपाळाला हात लावतात. तिथे गाडी हळू झाली आणि चाळक्यांनी कपाळाला हात लावला.

"बरी चालवते," डोळे न उघडता ते म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंय."

"वळणावर जरा आत घेते."

"तुम्हीही घेता."

"हां," ते म्हणाले. "घेतो."

हेळवाकला शेलार अंगणात खुर्चीवर वाटच बघत होते. "आलं का कंडाक्टर!" ते ओरडले. चाळक्यांनी आणि मी मिळून त्यांना उचललं, पुढच्या डाव्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. वहिनींनी उशी दिली. डाव्या हाताची मूठ खरंच घट्ट मिटली होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. चाळक्यांनी एकेक बोट चाचपून हळूहळू उघडलं, त्यात पंच ठेवला आणि बोटं त्यावर मिटली.

"बेल तुमची, मास्तर," ते म्हणाले. मग मागे येऊन माझ्या शेजारी बसले.

मी पडद्यावर चिपळूण लिहिलं, खुणेला बोट लावलं. तयार आहे.

शेलारांनी हात उचलला. थरथरत तो काचेपर्यंत गेला. टक. एक झाला. हात खाली पडला. ते पुन्हा उचलायला लागले. खांदा वर आला, हात आला नाही. कपाळावरची शीर फुगली. वहिनी दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. माझा हात पुढे जायला निघाला, चाळक्यांनी तो धरून ठेवला. गाडी थांबून होती. पुढच्या माणसाला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं, ती ते चाळक्यांकडूनच शिकली होती. किती वेळ गेला, मी मोजला नाही.

टक.

गाडी अंगणातून अलगद निघाली. "हाल्ली!" शेलार म्हणाले, आणि त्यांचे गाल ओले झाले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी या माणसाबरोबर पुष्कळ फिरले, पण प्रवासात त्यांचा चेहरा मला कायम बाजूनेच दिसला. रस्त्यावरची नजर ते काढायचे नाहीत. आता काचबिंदूमुळे त्यांना जे बघायचं त्याच्याकडे सगळं तोंड वळवावं लागतं, बाजूचं आपोआप दिसत नाही. घाट उतरायला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते पूर्ण वळून बसलेत आणि माझ्याकडेच बघतायत.

मी लाजले, या वयात. "अहो," मी म्हटलं, "रस्ता बघा की."

"रस्ता बघायला ती आहे," चाळके म्हणाले. "मला जरा बसू दे असं."

शेलारांनी पुढून विचारलं, मागं काय चाललंय. आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.